नक्षीचा चाकू: पाठीवरची वेल, मुठीतलं फूल आणि कामाचा क्रम

कडक करण्यासाठी लालभडक तापवलेलं पातं तेलात उतरवलं आणि ‘टिक्’ असा आवाज आला. तेलाच्या चरचराटात दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. मला आला, कारण त्या पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या समोरच्या बोथट कडेवर, मी दोन संध्याकाळी बसून तीनधारी कानशीने करवतीच्या दातांसारखी टोकदार नक्षी काढली होती आणि माझं सगळं लक्ष तिथेच होतं. बाहेर काढून पुसलं. एका खाचेच्या तळापासून धारेच्या दिशेने केसाएवढी चीर गेली होती. पोलाद तेलात झटकन आकसतं तेव्हा ताण सगळ्यात टोकदार कोपऱ्यात गोळा होतो, आणि असे तेवीस कोपरे मी स्वतःच्या हाताने तयार केले होते.

वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे कानस माझ्या हातात शाळेत असल्यापासून आहे. चाकू मात्र मी गेली चौदा वर्षं करते आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली: नक्षी ही चाकू तयार झाल्यावर वरून चढवायची वस्तू नाही. प्रत्येक नक्षीची कामाच्या क्रमात एक जागा असते. पाठीवरची वेल पोलादाला पाणी देण्याआधीच, म्हणजे ते तापवून झटकन थंड करून कडक करण्याआधीच, कोरावी लागते, कारण कडक झालेल्या पोलादावर कानस नुसती घसरते. नाव कोरायचं ते घासकाम संपल्यावर. मुठीतली पिन, म्हणजे मुठीचं लाकूड आणि पोलाद आरपार जोडणारी सळई, मूठ चिकटवण्याच्या आदल्या दिवशी तयार हवी. जागा चुकली की नक्षी तर जातेच, कधी कधी चाकूही जातो.

खाली जे सांगते आहे ते एका साध्या, मध्यम आकाराच्या चाकूसाठी आहे: पातं १०५ मि.मी., मूठ १२० मि.मी., पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या.

आधी कागद

पहिल्या चाकूसाठी १०८४ पोलाद घ्या. त्यात कार्बन साधारण ०.८४ टक्के असतो, बाकी कटकटी कमी असतात आणि साध्या भट्टीतही ते नीट कडक होतं. स्टेनलेसच्या मागे लगेच लागू नका. त्याला तापमान जास्त आणि अचूक लागतं, ते घरच्या भट्टीत जमत नाही. पट्टी ३ मि.मी. जाड आणि ३८ ते ४० मि.मी. रुंद पुरते. कुठल्या तरी जुन्या यंत्राच्या पट्टीवर पहिला चाकू करू नका. ते पोलाद नेमकं कोणतं हे माहीत नसेल तर किती तापवायचं हेही माहीत नसतं.

चित्र खऱ्या मापात जाड कागदावर काढा, कापा आणि हातात धरून बघा. मी पुढे जाऊन पातळ प्लायवूडचा चाकूच कापते, त्याला दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे बांधते आणि दिवसभर येता-जाता मुठीत धरते. तर्जनी कुठे टेकते, अंगठा पाठीवर कुठे येतो, करंगळीला जागा उरते का, हे कागद सांगत नाही. नक्षीची जागा इथेच ठरवायची. अंगठा टेकतो तिथे पाठीवर खाचा असल्या तर पकड मिळते. तळहात घट्ट दाबला जातो तिथे काहीही उंच उठलेलं नको. एका चाकूवर दोनपेक्षा जास्त प्रकारची नक्षी करू नये असं माझं ठाम मत आहे. वेल आणि नक्षीची पिन, किंवा मुठीच्या लाकडात बसवलेली तार आणि साधी पाठ. सगळंच केलं की डोळा कुठे थांबतच नाही.

आकार हॅक्सॉने कापा, कडा कानशीने चित्राच्या रेषेपर्यंत आणा आणि भोकं आत्ताच पाडून घ्या. पुढे ड्रिल चालणार नाही. ६ मि.मी.च्या पिनेसाठी ६.१ किंवा ६.२ मि.मी.चं भोक बरं, म्हणजे फळ्या लावताना पिन अडकत नाही. पट्टी ड्रिलखाली हाताने धरू नका, क्लॅम्प लावा. बिट अडकलं की पट्टी पंख्यासारखी फिरते.

उतार

पाठीकडून धारेकडे पातं निमुळतं होत जातं, तो उतार. तो काढण्याआधी धारेच्या कडेवर मार्कर फासा आणि मध्यरेषा आखा. त्यासाठी सोपी युक्ती आहे: पट्टीच्या जाडीएवढंच, म्हणजे ३ मि.मी.चं ड्रिल बिट आणि पट्टी शेजारी शेजारी सपाट काचेवर ठेवा आणि बिटाचं टोक कडेवरून ओढा. टोक बरोबर मध्यावर ओरखडा काढतं. पट्टी उलटून पुन्हा ओढा. दोन ओरखडे एकावर एक आले तर उत्तम, थोडं अंतर राहिलं तर मध्य त्यांच्यामध्ये. मग या मध्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ०.७ मि.मी.ची जागा सोडून दोन रेषा आखा. उतार त्या रेषांपर्यंतच आणायचा. धार आत्ताच पातळ केली तर पाणी देताना ती वाकडी होते किंवा तडकते.

बेल्ट ग्राइंडर असेल तर हे काम तासाभराचं आहे, पण पहिले दोन-तीन चाकू कानशीने करा असं मी आग्रहाने सांगते. मशीनवर चूक एका सेकंदात होते, कानशीवर चूक होताना दिसते. लांब भरड कानस घ्या आणि फक्त पुढे ढकलताना दाबा, मागे येताना उचला. कानशीच्या दातांत खडू घासून ठेवला की लोखंडाचे कण अडकत नाहीत आणि पात्यावर खोल ओरखडे पडत नाहीत. उतार संपतो आणि मुठीकडचा सपाट भाग सुरू होतो, ती रेषा दोन्ही बाजूंना समोरासमोर आली पाहिजे. तिथे कडक पोलादाचा एक तुकडा क्लॅम्पने आडवा बांधून ठेवा, म्हणजे कानस तिथेच थांबते.

ग्राइंडर वापरत असाल तर लोखंडाची आणि लाकडाची धूळ एकत्र साठू देऊ नका. ठिणगी पडून ती पेटते. आणि मास्क नाकावर हवा, गळ्यात नको.

पाठीवरची वेल

आता माझ्या सगळ्यात आवडत्या कामाकडे येते. यासाठी घाई नसलेली एक अख्खी दुपार हवी.

आधी पाठ अगदी सपाट आणि दोन्ही बाजूंना काटकोनात करून घ्या, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून. पाठ तिरकी असेल तर वेलही तिरकी दिसते, मग कितीही सुबक कोरा. पातं व्हाइसमध्ये पाठ वर करून पकडा, जबड्यांना चामडं किंवा तांब्याचा पत्रा लावून. पाठीवर मार्कर फासा. डिव्हायडर ८ मि.मी.वर लावा आणि एका कडेवर खुणा करत जा. मी ९६ मि.मी.चा पट्टा घेते आणि पहिली खूण सुरुवातीपासून ४ मि.मी.वर करते, म्हणजे त्या कडेवर १२ खुणा येतात. दुसऱ्या कडेवर खुणा सरकवून, पहिलीच्या बरोबर मधोमध करायच्या. तिथे ११ येतात. एकूण २३ खाचा. हीच जागा चुकायची असते, म्हणून कानस उचलण्याआधी खुणा दोनदा मोजा.

४ मि.मी.ची गोल कानस घ्या. ती पाठीच्या कोपऱ्यावर ४५ अंशांत तिरकी धरायची, पाठीवर सपाट नाही आणि बाजूवरही नाही. पहिले तीन-चार हलके फेरे फक्त जागा बसवण्यासाठी. कानस खुणेवरून सरकली असेल तर आत्ताच सावरता येते. मग जोर देऊन कोरा आणि फेरे मोजा. मोजणं महत्त्वाचं आहे. माझ्या हाताला एका खाचेसाठी साधारण १८ फेरे लागतात, तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो सगळ्या खाचांना एकच हवा. डोळ्याच्या अंदाजावर गेलात तर शेवटच्या खाचा नेहमी उथळ राहतात, कारण तोपर्यंत हात थकलेला असतो.

खाच पाठीच्या मध्यरेषेच्या किंचित पलीकडे, कडेपासून सुमारे पावणेदोन मि.मी. आत गेली की थांबा. एका कडेच्या बाराही खाचा झाल्या की पाठ नुसती दातेरी दिसते आणि मन खट्टू होतं. दुसऱ्या कडेची पहिली खाच पूर्ण होते तेव्हा मात्र दोन खाचांच्या मधून पोलादाची एक वळणदार रेघ निघते. तिसरी, चौथी, आणि ती रेघ डावीकडे, उजवीकडे वळत पुढे जायला लागते. हाच वेलीचा देठ. आजवर कितीतरी वेळा कोरला, तरी त्या क्षणी मी कानस खाली ठेवून एकदा बघतेच.

देठ झाला की पानं. एकाच कडेवरच्या दोन खाचांमध्ये जो रुंद भाग उरतो, त्याच्या मध्यापासून थोडं बाजूला तीनधारी नीडल फाइलने एक छोटी चीर पाडा. रुंद तुकडा पान होतो, अरुंद तुकडा काटा. सगळ्या चिरा एकाच दिशेला झुकलेल्या हव्यात, वेल एकाच दिशेला वाढते म्हणून. पण सुरुवातीला सांगितलेला ‘टिक्’ इथेच लपलेला असतो. चीर ०.७ मि.मी.पेक्षा खोल नको, आणि तिचा तळ टोकदार राहू द्यायचा नाही. मी या कामासाठी वेगळी तीनधारी कानस ठेवली आहे, तिच्या धारा दगडावर घासून जराशा बोथट केल्या आहेत. कोरून झाल्यावर जाड सुती दोऱ्याला पॉलिशची पेस्ट लावते आणि तो प्रत्येक चिरेतून पुढे-मागे ओढते. तळ गोल होतो आणि चकाकतोही. गोल खाचांसाठी लाकडी काडीला ४०० आणि मग ६०० नंबरचा पेपर गुंडाळायचा.

शेवटी पानांचे वरचे कोपरे पेपरने अगदी हलकेच मोडा. बोट फिरवलं की वेल जाणवावी, पण टोचू नये. अंगठा इथे तासन् तास टेकणार आहे.

पाणी देणं

तापवून झटकन थंड करून पोलाद कडक करणं, याला आपल्याकडे पाणी देणं म्हणतात, मग ते तेलात बुडवलं तरी. १०८४ ला तेलच हवं. पाण्यात ते तडकण्याची भीती जास्त.

आधी पातं तीनदा तापवून हवेत हळूहळू थंड होऊ द्या: पहिल्यांदा सुमारे ८७० अंश सेल्सिअस, मग ८३०, मग ८००. कापताना आणि घासताना साठलेला ताण यात निघतो आणि पोलादाचा कण बारीक होतो. मग खरं तापवणं. भट्टीला थर्मामीटर नसेल तर चुंबक वापरा. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास जातं. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं, रंग एक छटा उजळेपर्यंत तापवा, म्हणजे ८१५च्या जवळ येता. खोलीत उजेड कमी ठेवा, भर उन्हात रंग फसवतो. वेलीची पानं आणि पात्याचं टोक यांवर नजर ठेवा, पातळ भाग आधी तापतो.

तेल आधीच ५० अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल पातळ असतं आणि पात्याभोवती वाफेचा थर कमी धरतं. भांडं धातूचं, उंच आणि झाकणाचं असावं. जस्त चढवलेलं भांडं भट्टीजवळ आणू नका, तापलेल्या जस्ताचा धूर विषारी असतो. पातं सरळ खाली उतरवा आणि धार-पाठ या दिशेत हलवा. डावी-उजवीकडे हलवलं तर ते वाकतं. ज्वाळा उठली तर झाकण ठेवा. तेलाच्या आगीवर पाणी कधीही नाही.

थंड झालं की जुनी कानस धारेवर फिरवून बघा. काचेवर घसरावी तशी घसरली तर पोलाद कडक झालं. आता ते काचेसारखं ठिसूळही आहे. हातातून पडलं तर दोन तुकडे. त्यामुळे उशीर न करता ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवायचं, बाहेर काढून पूर्ण थंड करायचं, आणि पुन्हा दोन तास. ओव्हनच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझा जुना ओव्हन २०० दाखवायचा तेव्हा आत २३० असायचे. घासलेल्या जागेवर फिक्या गवताचा पिवळा रंग आला म्हणजे बरोबर. जांभळा किंवा निळा दिसला तर धार मऊ झाली, पुन्हा सगळं पाणी देणं आलं.

पातं वेलीच्या आत काळं झालेलं असेल. मी ते काळं तसंच ठेवते. पाठीचा वरचा भाग घासून उजळला की देठ आणि पानं पांढरी, खाचा काळ्या, आणि नक्षी दुरूनही वाचता येते.

घासकाम आणि नाव

इथून पुढे धारेवर आणि टोकावर चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, आणि पातं गरम होऊ देऊ नका. ग्राइंडरवर असाल तर हातमोजे न घालता धरा आणि चटका जाणवण्याआधीच पाण्यात बुडवा. धारेची जाडी आता ०.७ वरून ०.३ मि.मी.पर्यंत उतरवायची. मग हाताने घासकाम: २२०, ४००, ६०० नंबरचा पेपर सपाट, कडक लाकडावर ताणून. प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीच्या नंबरचे आडवे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढच्या नंबरला जाऊ नका. हे काम कंटाळवाणं आहे हे खरं, पण चाकू बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी इथेच जाते.

बफिंगच्या चाकाचं मात्र जपून. वर्कशॉपमधलं मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटणारं यंत्र तेच. कापडी चाकात पात्याची वरची कड अडकली की चाकू हातातून सुटून अंगावर येतो. मी पातं बफवर लावतच नाही.

नाव किंवा खूण उमटवायची असेल तर विजेने कोरता येते. अक्षरं कापलेलं प्लास्टिकचं स्टिकर पात्यावर चिकटवा आणि भोवती टेप लावा. ९ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक पात्याला जोडा आणि ऋण टोक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला. बोळा दोन-तीन सेकंद टेकवा, उचला, पुसा, पुन्हा टेकवा. वीस-पंचवीस वेळा केलं की अक्षर नखाला लागतं. खिडकी उघडी ठेवा. स्टेनलेसवर हे करू नका, त्यातला क्रोमियम द्रावणात उतरतो आणि तो घातक आहे.

थरांचं पोलाद, म्हणजे १०८४ आणि १५एन२० एकत्र घडवलेली पट्टी वापरली असेल, तर रेषा उठवण्याची वेळही हीच. १५एन२० मध्ये सुमारे २ टक्के निकेल असतं, त्यामुळे फेरिक क्लोराइडमध्ये ते पांढरं राहतं आणि १०८४ काळं पडतं. एक भाग द्रावण, तीन-चार भाग पाणी. पातं आधी अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, बोटाचा ठसाही त्यात उमटतो. दहा मिनिटं बुडवा, काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, पुन्हा बुडवा, असं तीन-चारदा. हातमोजे आणि चष्मा हवाच. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, ते पाइपही खातं. थरांचं पोलाद घेतलं तर पाठीवर वेल नको. पोलादाच्या रेषा हीच तिथली नक्षी.

मुठीतलं फूल

मुठीत गोल पिनेच्या तोंडावर फुलासारखी नक्षी दिसते ती घरी करता येते, आणि तिचं गणित फार सुंदर आहे. एका गोल तारेभोवती तेवढ्याच जाडीच्या बरोबर सहा तारा बसतात आणि या गठ्ठ्याची रुंदी एका तारेच्या तिप्पट होते. म्हणजे बाहेरून ६ आणि आतून ५ मि.मी.ची पितळी नळी घेतली तर १.६ मि.मी.च्या सात तारा लागतात. १.६ ची तिप्पट ४.८, आणि गोंदाला ०.२ मि.मी. उरतात. मधली तार तांब्याची, भोवतीच्या सहा पितळेच्या. झालं लाल डोळ्याचं सहा पाकळ्यांचं फूल.

तारा पेपरने खरखरीत करून अॅसिटोनने पुसा. सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीत ग्रॅफाइटची पूड मिसळून ते काळं करा. नळीच्या एका तोंडाला टेप लावा, नळी काळ्या इपॉक्सीने अर्धी भरा आणि सातही तारांचा गठ्ठा फिरवत फिरवत आत ढकला. वरून इपॉक्सी बाहेर आलं म्हणजे आतली हवा गेली. नळी उभीच ठेवून २४ तास वाळू द्या. आडवी ठेवली तर एका बाजूला पोकळी राहते आणि ती नेमकी मुठीवर दिसते. मग सोनाराच्या बारीक करवतीने लागेल तेवढी कापा.

ही पिन ठोकून पसरवता येत नाही आणि ती भरीव पिनेएवढी मजबूतही नसते. म्हणून ती मुठीच्या मध्यावर एकच, आणि दोन्ही टोकांना साध्या भरीव पितळी पिना.

मूठ

लाकूड पूर्ण वाळलेलं आणि घट्ट कणाचं हवं. शिसवीच्या जातीतल्या लाकडांची धूळ बऱ्याच जणांच्या कातडीला आणि छातीला सोसत नाही, तिथेही मास्क लावा. फळ्या ९-१० मि.मी. जाड घ्या. पोलादाला लागणारी बाजू काचेवर १२० नंबरचा पेपर ठेवून सपाट करा. पोलाद आणि लाकूड यांच्यामध्ये ०.८ मि.मी.ची लाल किंवा काळी फायबरची पट्टी घातली तर मूठ रेखीव दिसते, आणि लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं तेव्हा जोडही सांभाळला जातो.

फळ्यांची पुढची तोंडं, पात्याकडची, चिकटवण्याआधीच पूर्ण घासून चकाकवून ठेवा. दोन्ही फळ्या एकत्र पिनेवर अडकवून घासल्या की तोंडं सारखी येतात. चिकटवल्यावर तिथे पेपर पोहोचत नाही, पोहोचला तर पात्यावर ओरखडा काढूनच परततो. माझ्या दुसऱ्या चाकूवर तो ओरखडा अजून आहे.

चिकटवताना पोलादाची बाजू खरखरीत हवी. क्लॅम्प फार आवळू नका, सगळं इपॉक्सी पिळून निघालं तर जोड कोरडा राहतो. वेल मुठीच्या पाठीपर्यंत आणली असेल तर फळ्यांमुळे तिच्या खाचांचे खिसे होतात आणि त्यांत घाम-मळ साचतो. मी त्या खाचा काळ्या इपॉक्सीने काठोकाठ भरते आणि वाळल्यावर पाठीबरोबर घासते. नक्षी काचेखाली ठेवल्यासारखी दिसते आणि हाताला सपाट लागते. पात्यावर बाहेर आलेलं इपॉक्सी ओलं असतानाच अॅसिटोन लावलेल्या कापसाने पुसा.

२४ तासांनी आकार द्या. आधी चौकोनाचा अष्टकोन करा, मग कोपरे मोडत गोल. पिनांवर घासताना जोर नको. पितळ पटकन तापतं आणि खालचं इपॉक्सी मऊ पडतं. ४०० नंबर झाला की मूठ ओल्या फडक्याने पुसा, लाकडाचे तंतू उभे राहतील. वाळू द्या आणि पुन्हा घासा. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. सपाट पसरून वाळवा.

तारकामाबद्दल थोडंच सांगते, कारण ते वेगळं शिकण्याजोगं काम आहे. चांदीची किंवा पितळेची ०.३ मि.मी. जाड, दोन मि.मी. रुंद चपटी तार घ्या. लाकडावर पेन्सिलने वळण काढा, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यापासून केलेल्या बारीक पटाशीने त्यावर दीड मि.मी. खोल चीर पाडा आणि तार हलक्या हातोडीने आत बसवा, वर किंचित राहील अशी. मग ओलं फडकं फिरवा. लाकूड फुगतं आणि तारेला धरतं. वाळल्यावर कानशीने सपाट करा. रेझिन भरून पक्क्या केलेल्या लाकडात हे जमत नाही, ते फुगतच नाही.

धार

धार सगळ्यात शेवटी, चिकटपट्टी काढून. १००० नंबरच्या दगडावर प्रत्येक बाजूला १८ ते २० अंश. एका बाजूने घासत राहा, पलीकडे बोटाला बारीक कोर लागेपर्यंत, टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे. मग दुसरी बाजू. नंतर दाब कमी करत बाजू बदलत जा आणि शेवटी चामड्यावर मागच्या दिशेने ओढा. कागदाची पट्टी वरच्या कडेने धरून कापून बघा. जिथे अडखळते तिथे कोर अजून शिल्लक आहे.

हे पोलाद गंजतं. वापरून झालं की धुवा, पुसा आणि पातळ तेलाचा हात द्या. वेलीच्या खाचांत फडकं पोहोचत नाही, त्यासाठी एक जुना दातांचा ब्रश तेलात बुडवून मुठीच्या बाजूने टोकाकडे फिरवा, धारेपासून बोटं लांब ठेवून.